बीम लावण्याआधी

आधी चिमटा धरायला शिका, मायक्रोस्कोपचं नंतर बघू. ३ मिलिमीटर व्यासाची ती तांब्याची जाळी, आपण जिला ग्रिड म्हणतो, ती कडेलाच धरायची. चिमट्याचं टोक मध्ये घुसलं की वरचा कार्बनचा पडदा फाटलाच. जाळी वाकली तर होल्डरमध्ये सपाट बसत नाही. मग आत गेल्यावर एक कोपरा फोकसमध्ये आणला की दुसरा निसटतो, आणि तुम्ही यंत्राच्या नावाने बोटं मोडत बसता. जुन्या, टाकाऊ ग्रिड घ्या आणि त्यांच्यावर हात बसवा. उचलायची, पालथी करायची, फिल्टर पेपरवर ठेवायची, परत डबीत घालायची. माझ्या सरांनी माझ्याकडून हेच करून घेतलं आणि मी माझ्या विद्यार्थ्यांकडून. तुम्हालाही त्यातून सुटका नाही.

इतका आग्रह का, ते सांगतो. एर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांनी बर्लिनमध्ये १९३१ साली पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभा केला. २०० किलोव्होल्टला इलेक्ट्रॉनची तरंगलांबी अवघी अडीच पिकोमीटर असते, म्हणजे धातूतल्या शेजारच्या दोन अणूंमधल्या अंतराचा साधारण शंभरावा हिस्सा. त्या हिशेबाने अणू सहज दिसायला हवा होता. आड येत होतं ते भिंग. ओटो शेर्झर यांनी १९३६ मध्ये गणित मांडून दाखवलं, की गोल सममितीचं, स्थिर क्षेत्राचं भिंग कितीही निगुतीने घडवा, त्यातलं गोलीय विपथन शून्य होणारच नाही. कडेने आलेले इलेक्ट्रॉन मधून आलेल्यांच्या अगोदर वाकून एकत्र येतात आणि बिंदूचा डाग होतो. उपायही त्यांनीच १९४७ मध्ये सुचवला: भिंगाचा गोलपणाच सोडून द्या. तो हातात यायला अर्धं शतक गेलं. डार्मश्टाटच्या हाराल्ड रोझ यांचा आराखडा, हायडेलबर्गच्या माक्सिमिलियान हायडर यांची कारागिरी आणि युलिशच्या क्नूट उर्बान यांची पदार्थविज्ञानाची नड अशी तिघांची मोट बांधली गेली. फोक्सवॅगन प्रतिष्ठानाने पैसे दिले. १९९८ मध्ये त्यांनी षट्ध्रुवी भिंगांचा करेक्टर बसवून २०० किलोव्होल्टच्या यंत्राची विभेदनक्षमता २.४ ॲंगस्ट्रॉमवरून १.४ वर आणली. त्याच सुमाराला ओंड्रेइ क्रिव्हानेक यांनी स्कॅनिंग प्रकारासाठी चतुर्ध्रुवी आणि अष्टध्रुवी भिंगांचा दुसऱ्या धाटणीचा करेक्टर बांधला, आणि २००२ मध्ये बीमचं टोक एका ॲंगस्ट्रॉमपेक्षा बारीक झालं. या चौघांना २०२० चा काव्हली पुरस्कार मिळाला.

आमच्या उमेदीत चित्र धूसर आलं की भिंगावर खापर फोडून मोकळं होता यायचं. तुम्हाला ती सोय राहिलेली नाही. आता दोष बहुतेक वेळा सॅम्पलमध्ये असतो, नाहीतर खोलीत, नाहीतर आपल्या घाईत. म्हणून माझं बहुतेक सांगणं बीम लावण्याआधीचं आणि फोटो काढल्यानंतरचं आहे. मधलं काम आता संगणक बरंचसं करतो.

सॅम्पलची जाडी ही पहिली गोष्ट. धातूतली डिस्लोकेशन्स बघायची तर शंभर नॅनोमीटरही चालून जातात. अणूंचे स्तंभ वाचायचे असतील तर वीस-तीसच्या खाली या. पावडरवाल्यांची नेहमीची खोड म्हणजे माल जास्त घालणं. चिमट्याच्या टोकाला चिकटेल तेवढीच पावडर आयसोप्रोपेनॉलमध्ये टाका, सोनिकेटरमध्ये थोडा वेळ ठेवा, मग कुपी उजेडात धरून तिच्यामागे छापील कागद धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली तर थेंब टाकायचा. गढूळ दिसलं तर अजून पातळ करा. थेंब वरचा घ्या, तळाचा गाळ नको. ग्रिड शक्यतो होली कार्बनची घ्या, म्हणजे भोकाच्या काठावर अधांतरी राहिलेला एखादा कण सापडतो आणि त्याच्याखाली कार्बनची गिचमिड येत नाही. दिव्याखाली वाळवा आणि सवड असेल तर रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा.

पावडर चुंबकी असेल तर आधी सांगा. लपवू नका, ‘अगदी थोडीशी आहे’ म्हणू नका. ऑब्जेक्टिव्ह भिंगाच्या पोटात साधारण दोन टेस्लाचं क्षेत्र असतं. सैल कण ग्रिडवरून उडून थेट पोलपीसला चिकटतात आणि मग ते भिंग महिनोन्‌महिने नीट वागत नाही. अशी पावडर रेझिनमध्ये घट्ट बसवून मग पातळ करायची. टोकियोच्या नाओया शिबाता यांच्या गटाने २०१९ मध्ये सॅम्पलच्या जागी क्षेत्र जवळजवळ शून्य राहील असं ऑब्जेक्टिव्ह भिंग वापरून अणू दाखवले. चुंबक आणि पोलाद अभ्यासणाऱ्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण तसं यंत्र तुमच्या वाट्याला येईपर्यंत रेझिनला पर्याय नाही.

फोकस्ड आयन बीमने सॅम्पल कापणाऱ्यांनो, तुमच्यासाठी थोडं थांबतो, कारण हल्ली जो तो तेच करतो. ३० किलोव्होल्टच्या गॅलियमने सिलिकनमध्ये प्रत्येक बाजूला साधारण वीस नॅनोमीटरचा अस्फटिकी थर तयार होतो. पट्टी चाळीस नॅनोमीटरची केलीत तर मध्ये स्फटिक किती उरला, तुम्हीच हिशेब करा. शेवटचे हात ५ आणि मग २ किलोव्होल्टवर फिरवायचे, वेळ लागला तरी चालेल. वरचा प्लॅटिनमचा थर आधी इलेक्ट्रॉन बीमने घालायचा आणि त्याच्यावर आयन बीमने, नाहीतर ज्या पृष्ठभागासाठी एवढा खटाटोप केला तोच पहिल्या मिनिटात खरवडला जातो. ॲल्युमिनियमचं काम असेल तर आणखी सावध राहा. गॅलियम त्याच्या कणसीमांमध्ये झिरपतं. तिथे गॅलियम दिसलं म्हणून शोध लागला असं समजू नका. ॲल्युमिनियमसाठी जुनं ट्विन-जेट इलेक्ट्रोपॉलिशिंगच बरं. त्यात परक्लोरिक आम्ल आणि मिथेनॉल असेल तर द्रावण उणे ३० अंशांच्या आसपास ठेवायचं, फ्यूम हूडमध्येच काम करायचं, आणि ते द्रावण उघड्यावर गरम होऊ किंवा आटू द्यायचं नाही. ते स्फोटक होतं. इथे धाडस दाखवायचं नसतं.

मग स्वच्छता. बीम एका जागी पाच मिनिटं ठेवा, मोठेपणा कमी करा आणि परत बघा. तिथे काळा चौकोन उमटलेला दिसला तर तो हायड्रोकार्बनचा थर आहे, तुमच्याच सॅम्पलवरून वाहत बीमखाली येऊन जमलेला. तो हाताच्या तेलातून येतो, नीट न उडालेल्या द्रावकातून येतो, प्लास्टिकच्या डबीतून येतो. हातमोजे घातलेत म्हणजे झालं असं नाही. त्याच हातमोज्यांनी मोबाइल उचललात, दाराची मूठ धरलीत, तर ते बदला. होल्डरच्या ओ-रिंगपासून पुढचा भाग व्हॅक्यूममध्ये जातो, त्याला हातमोज्यानेसुद्धा शिवायचं नाही. ओ-रिंग दर वेळी भिंगाखाली फिरवून बघा. कापसाचा एक तंतू आडवा पडलेला असतो, डोळ्याला दिसत नाही, आणि व्हॅक्यूम मात्र सकाळभर वर-खाली करत राहतो. प्लाझ्मा क्लीनर उपयोगाचा आहे, पण ऑक्सिजनचा प्लाझ्मा घाणीबरोबर कार्बनचा पडदाही खातो. रिकाम्या ग्रिडवर किती सेकंद सोसतात ते आधी पाहून घ्या आणि भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्यालाही कामाला येईल.

होल्डर आत घालताना बोलू नका आणि दुसऱ्याला बोलू देऊ नका. एअरलॉकचा दिवा विझेपर्यंत थांबायचं. फिरत नसेल तर जोर लावायचा नाही, बाहेर काढून बघायचं. सॅम्पल आत गेल्यावर ताबडतोब फोटो काढायला बसू नका. खोलीच्या आणि यंत्राच्या तापमानात फरक असतो, सॅम्पल सरकत राहतं. तेवढ्या वेळात वहीत नोंदी करा. एसीचा झोत, शेजारची लिफ्ट, कॉरिडॉरमधली पावलं, तुमचा स्वतःचा आवाजसुद्धा अणूंच्या चित्रात रेघांच्या रूपाने दिसतो. नवीन यंत्रं बंद कपाटात ठेवून चालवणारा शेजारच्या खोलीत बसतो, ते त्यासाठीच.

करेक्टरबद्दल एवढंच, की तो एकदा जुळवला म्हणजे दिवसभर जुळलेला राहत नाही. ॲस्टिगमॅटिझम आणि कोमा सरकत राहतात. अस्फटिकी कार्बनच्या तुकड्यावर जाऊन रॉन्किग्रॅम बघायची सवय लावा: मधला सपाट भाग गोल आहे का, फोकस हलवल्यावर रेघा एकाच दिशेला ताणल्या जातात का. संगणकाने हिरवी खूण दाखवली तरी डोळ्याने बघा. हा डोळा तयार व्हायला वेळ लागतो, पण एकदा झाला की आयुष्यभर पुरतो.

आता ज्या गोष्टीवर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, ती डोस. इलेक्ट्रॉन नुसतं बघत नाही, मारतोही. ग्राफीनमधला कार्बनचा अणू साधारण ८६ किलोव्होल्टच्या वर थेट धक्क्याने जागेवरून उडतो, म्हणून ग्राफीनवाले ८० वर काम करतात. पण सगळ्याच पदार्थांचं रडगाणं किलोव्होल्ट कमी करून मिटत नाही. झिओलाइट, धातू-सेंद्रिय जाळ्या, सौर घटांतले हॅलाइड पेरोव्हस्काइट यांच्यात बंध तुटतात ते आयनीकरणाने, आणि ते कमी व्होल्टेजला उलट वाढतं. धातू-सेंद्रिय जाळ्या तर चौरस ॲंगस्ट्रॉमला दहा-वीस इलेक्ट्रॉन पडले की ढासळायला लागतात, आणि नेहमीच्या पद्धतीने चांगला फोटो काढायचा तर हजारो लागतात. थेट इलेक्ट्रॉन टिपणारे नवे डिटेक्टर आले म्हणून हे पदार्थ आज बघता येतात. लिथियम बॅटरीचंही तेच. स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने २०१७ मध्ये लिथियमचे डेंड्राइट जीवशास्त्रातल्या क्रायो पद्धतीने गोठवून अणूंच्या पातळीवर दाखवले; साध्या तापमानाला तो धातू बीमखाली तग धरत नाही.

म्हणून हे नियम पाळा. डोस आकड्यात लिहा, ‘कमी बीम’ असं वहीत लिहू नका. फोकस, टिल्ट, ॲस्टिगमॅटिझम सगळं शेजारच्या जागेवर जुळवा, मग बीम बंद करून ताज्या जागेवर जा आणि पहिल्याच घासाला फोटो घ्या. एक लांब एक्सपोजर घेण्यापेक्षा वीस छोटे घ्या आणि नंतर जुळवून बेरीज करा. पदार्थ मोडला तर कुठल्या चौकटीपासून मोडला ते कळतं. आणि फूरिए रूपांतरात बाहेरचे ठिपके विझायला लागले की थांबा. त्यानंतर जे दिसतं ते तुमच्या पदार्थाचं नसतं, बीमने केलेल्या नव्या पदार्थाचं असतं. असे फोटो शोधनिबंधांत छापलेले मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर पुढची माणसं गणितं मांडत बसली याचं मला आजही वाईट वाटतं.

फोटो सुंदर आला की डोकं शांत ठेवा. साध्या उच्च-विभेदन चित्रात अणू पांढरा की काळा हे फोकस आणि जाडी ठरवते. फोकस थोडा हलवला की पांढऱ्याचं काळं होतं. म्हणून मल्टिस्लाइस पद्धतीने सिम्युलेशन केल्याशिवाय ‘हा अमुक अणू’ असं म्हणायचं नाही. काउली आणि मूडी यांनी ती १९५७ मध्ये मांडली, आज ती तुमच्या लॅपटॉपवर चालते. स्कॅनिंगमधलं मोठ्या कोनाचं गडद-क्षेत्र चित्र वाचायला सोपं, कारण जड अणू उजळ दिसतो. आल्बर्ट क्रू यांच्या गटाने १९७० मध्ये शिकागोत सुटे अणू दाखवले तेही युरेनियम आणि थोरियमसारख्या जड मूलद्रव्यांचे. पण जाडी वाढली तरी उजळपणा वाढतो आणि सॅम्पल किंचित तिरकं असलं तरी बदलतो. त्या चित्रात ऑक्सिजन दिसत नाही म्हणजे तो तिथे नाही असं होत नाही. त्याच्यासाठी वलयाकार उजळ-क्षेत्र चित्र घ्या, नाहीतर युलिशच्या चमूने २००३ मध्ये स्ट्रॉन्शियम टायटनेटमधले ऑक्सिजनचे स्तंभ ज्या रीतीने दाखवले, तशी गोलीय विपथन मुद्दाम थोडं ऋण ठेवण्याची युक्ती वापरा. स्कॅनची दिशा ९० अंशांत फिरवून दुसरा फोटो घ्या. ताण खरा असेल तर दोन्हींत दिसेल. सरकण्यामुळे आला असेल तर दिशा बदलताच बदलेल.

फिल्टरच्या मोहाबद्दल एक प्रयोग सांगतो, घरी करून बघा. संगणकावर नुसत्या गोंगाटाची प्रतिमा तयार करा. तिचं फूरिए रूपांतर काढा, सहा ठिकाणी छोटी वर्तुळं काढून तेवढाच भाग ठेवा आणि उलट फिरवा. तुम्हाला देखणी षट्कोनी जाळी मिळेल, अणूंसारख्या ठिपक्यांसकट, आणि तिथे एकही अणू नव्हता. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंत की शोधनिबंधात फिल्टर केलेल्या चित्राशेजारी मूळ चित्र ठेवायला तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.

आणि किती बघितलंत, हेही विचारा स्वतःला. शंभर बाय शंभर नॅनोमीटरचं, वीस नॅनोमीटर जाडीचं एक चित्र. अशा चित्रांनी एक घन मिलिमीटर पदार्थ बघायचा तर पाच लाख कोटी चित्रं लागतील. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत पातेल्यात कुठून उचललं ते आधी ठाऊक हवं. म्हणून एक्स-रे विवर्तन आधी, स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप त्यानंतर, मग इथे या, आणि इथेही कमी मोठेपणावर भरपूर भटका. पहिल्या सुंदर कणावर भाळू नका. तो सुंदर आहे म्हणूनच कदाचित बाकीच्यांसारखा नाही.

पण एखादा खरोखर वेगळा निघाला तर त्याला सोडायचंही नाही. दान शेख्टमन यांनी ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूचं विवर्तन चित्र घेतलं. ठिपक्यांची दहापदरी सममिती. स्फटिकशास्त्राच्या पुस्तकात ती अशक्य होती. त्यांनी वहीत दहापदरी असं लिहून पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. त्यानंतर काय केलं ते महत्त्वाचं: जुळे स्फटिक असतील तर असा भास होतो, म्हणून त्यांनी आधी जुळे शोधले. गडद-क्षेत्र चित्रं घेतली, अगदी छोट्या छोट्या भागांतून विवर्तन घेतलं, प्रत्येक तुकड्यातून तीच सममिती आली. तेव्हा ते त्यावर ठाम राहिले. त्यांना गटातून बाहेर पडायला सांगितलं गेलं, लायनस पॉलिंगसारख्या माणसाने जुळ्यांचाच हेका धरला. शोधनिबंध १९८४ मध्ये आला आणि नोबेल २०११ मध्ये. यात आपल्याही माणसांचा वाटा आहे. १९८५ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले चट्टोपाध्याय आणि रंगनाथन, बनारसचे लेले आणि त्यांचे सहकारी यांनी दशकोनी अर्धस्फटिक शोधला. त्याच वर्षी अमेरिकेत बेंडर्स्की यांनाही तो स्वतंत्रपणे सापडला. या सगळ्या कामाच्या वेळी करेक्टर कुठल्याच यंत्रावर नव्हता. चांगलं सॅम्पल, नीट फिरवलेला होल्डर आणि न कंटाळता केलेली पडताळणी, एवढ्यावर ते उभं राहिलं.

तुमच्या हातात आता टायकोग्राफी आहे. बीमच्या प्रत्येक थांब्यावर पूर्ण विवर्तन चित्र साठवायचं आणि संगणकाने उलट गणित करून पदार्थ उभा करायचा. कॉर्नेलच्या डेव्हिड म्युलर यांच्या गटाने २०१८ मध्ये ८० किलोव्होल्टला मॉलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये ०.३९ ॲंगस्ट्रॉमपर्यंत मजल मारली; त्याच परिस्थितीत नेहमीची पद्धत ०.९८ ला अडते. २०२१ मध्ये त्यांनी एका जाडसर स्फटिकात हीच पद्धत इतकी पुढे नेली की उरलेला धूसरपणा मुख्यतः अणूंच्या उष्णतेने होणाऱ्या थरथरीचा होता. हे वाचून ऊर भरून येतो. मात्र २५६ बाय २५६ थांब्यांवर २५६ बाय २५६ पिक्सेलचं चित्र, सोळा बिटचं, म्हणजे एका जागेचे साधारण साडेआठ गिगाबाइट. यंत्राची वेळ मागण्याआधी हार्ड डिस्क आणा आणि ती फाइल कोण, कधी उघडणार ते ठरवा.

यंत्र आपल्या संस्थेत नसेल तर आयआयटी मुंबईतल्या सैफसारख्या केंद्रात सॅम्पल पाठवावं लागतं. फॉर्मवर ‘एचआरटीईएम’ एवढं लिहून कुरिअर करू नका. पदार्थ काय, कसा केला, चुंबकी आहे का, हवेत बिघडतो का, बीम किती सोसेल, आणि नेमका कुठला प्रश्न पडला आहे, हे एका पानावर लिहा. सोबत एक्स-रे विवर्तनाचा आलेख जोडा. यंत्रावर बसलेला माणूस तुमच्या वतीने निर्णय घेत असतो. त्याला प्रश्न माहीत नसेल तर तो सगळ्यात देखणा कण शोधून तुम्हाला पाठवेल.

आणि मूळ फाइल कधीही पुसू नका. यंत्राने दिलेल्या स्वरूपातच ठेवा, नुसती जेपेग नको, कारण व्होल्टेज, मोठेपणा, एक्सपोजर हे सगळं त्या मूळ फाइलमध्ये असतं. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि वहीतल्या नोंदीवर फाइलचं नाव लिहा. संस्था सोडून जाल तेव्हा त्या डिस्क आणि ती वही तुमच्यामागून येणाऱ्याच्या हातात देऊन जा.